छायाचित्र-संपादनात डाव्या हाताची मदत

तुळशीचे लग्न लागले की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि गावोगावच्या छायाचित्रकारांची धावपळ सुरू होते. हळद, सीमांतपूजन, मुहूर्त, सप्तपदी, पंगत, पाठवणी असे दिवसभराचे काम आटोपून छायाचित्रकार घरी परततो, तेव्हा कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डात हजार-दोन हजार छायाचित्रे साठलेली असतात. वऱ्हाडी मंडळींना वाटते, याचे काम संपले. प्रत्यक्षात निम्मे काम तेथून पुढे सुरू होते. छायाचित्रे निवडायची, त्यांचा रंग आणि प्रकाश सुधारायचा, चेहऱ्यावरचे डाग पुसायचे, अल्बमची पाने जुळवायची. पुढच्या रविवारी दुसरे लग्न असते आणि पहिल्या घरचे फोन सुरू झालेले असतात.

या कामात वेळ नेमका जातो कोठे, याचा विचार केला तर एक गंमत लक्षात येते. डोळ्यांना आणि मनाला फार थोडा वेळ लागतो. ‘हा फोटो जरा काळवंडला आहे’ हे जाणत्या छायाचित्रकाराला पाहताक्षणी कळते. मात्र तो उजळण्यासाठी माऊस पडद्याच्या वरच्या टोकाला न्यायचा, मेनू उघडायचा, त्यातला उपमेनू शोधायचा, आज्ञा निवडायची आणि पुन्हा चित्रावर यायचे, एवढा प्रवास करावा लागतो. दिवसातून शेकडो वेळा घडणारा हा प्रवास टाळण्यासाठी छायाचित्रकारांच्या टेबलावर एक छोटे साधन दिसू लागले आहे. त्याचे नाव प्रोग्रॅमेबल कीपॅड. हे साधन काय करते, काय करू शकत नाही आणि ते घेण्यापूर्वी आपण कोणती तयारी करावी, याचा हा परिचय.

कीपॅड म्हणजे काय?

दिसायला हे साधन अगदी साधे असते. तळहाताएवढ्या पेटीवर आठ, बारा किंवा सोळा कळा आणि कधी कधी एक-दोन फिरत्या खुंट्या. नेहमीच्या कळफलकावर ‘ए’ची कळ दाबली की ‘ए’च उमटतो. येथे मात्र कोणत्या कळेने काय करायचे, हे आपण ठरवायचे असते. एका कळेला एक अक्षर देता येते, ‘कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि ई’ अशी चौकडी देता येते किंवा एकामागून एक दाबायच्या अनेक कळांची मालिकाही देता येते. उजवा हात माऊसवर अथवा पेन-टॅब्लेटवर राहतो, डावा हात कीपॅडवर, आणि नजर छायाचित्रावरून हलत नाही.

ही कल्पना नवी नाही. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील एका संगणक परिषदेत माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले, तेव्हा त्यांच्या उजव्या हातात माऊस होता आणि डाव्या हाताखाली पाच कळांची एक छोटी पट्टी होती. पियानोवर एकाच वेळी अनेक पट्ट्या दाबाव्यात तशा या कळा दाबायच्या आणि त्यांच्या ३१ निरनिराळ्या जुळण्यांतून अक्षरे व आज्ञा संगणकाला द्यायच्या, अशी ती योजना होती. माऊस जगभर पोहोचला. पाच कळांची पट्टी मात्र मागे पडली, कारण तिच्या जुळण्या पाठ कराव्या लागत आणि तेवढी चिकाटी सर्वांकडे नसते.

डाव्या हाताचा विचार मात्र टिकून राहिला. अ‍ॅपल कंपनीच्या १९८३ मधील ‘लिसा’ संगणकासाठी लॅरी टेस्लर यांनी काम परत फिरविणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटविणे या चार आज्ञांना झेड, एक्स, सी आणि व्ही ही अक्षरे दिली. कळफलकाच्या डाव्या कोपऱ्यात ती शेजारी-शेजारी असल्याने उजवा हात माऊसवर ठेवूनही ती दाबता येतात. आपण रोज वापरतो ती हीच सोय. कीपॅड ती आणखी पुढे नेतो.

पेटीच्या आत काय चालते?

सोळा कळांसाठी सोळा स्वतंत्र तारा लागत नाहीत. चार आडव्या आणि चार उभ्या तारांची जाळी करून प्रत्येक छेदावर एक कळ बसविलेली असते. पेटीतला चिमुकला मायक्रोकंट्रोलर एकेका आडव्या तारेत क्रमाने संकेत सोडतो आणि तो कोणत्या उभ्या तारेतून बाहेर आला ते पाहतो. त्यावरून कोणती कळ दाबली गेली हे त्याला समजते. ही तपासणी सेकंदाला शेकडो वेळा चालते. कळ दाबल्यावर आतील धातूच्या पट्ट्या क्षणभर थरथरतात आणि एकाच दाबाचे अनेक दाब भासू शकतात. म्हणून मायक्रोकंट्रोलर काही सहस्रांश सेकंद थांबून मगच तो दाब खरा मानतो.

यानंतर तो यूएसबीमार्गे संगणकाला त्या कळेचा ठरलेला संकेतांक पाठवितो. साध्या कीपॅडची संगणकाशी ओळख ‘आणखी एक कळफलक’ अशीच होते. त्यामुळे विंडोज, मॅक किंवा लिनक्स, कोठेही तो जोडताच चालू लागतो. ‘क्यूएमके’ या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या कीपॅडमध्ये सगळी मांडणी पेटीच्याच स्मृतीत साठते. घरी ठरविलेल्या कळा स्टुडिओतल्या संगणकावरही तशाच चालतात.

दुसऱ्या प्रकारातील साधने संगणकावर बसविलेल्या स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालतात. २०१७ मध्ये आलेल्या एल्गाटोच्या ‘स्ट्रीम डेक’मध्ये पंधरा कळा होत्या आणि प्रत्येक कळेवर तिच्या कामाचे चित्र उमटत असे. फिनलंडमधील ‘लूपडेक’ने त्याच वर्षी लाइटरूमसाठी खास खुंट्यांचा फलक बाजारात आणला. पुढे २०२३ मध्ये ही कंपनी लॉजिटेकने विकत घेतली आणि २०२४ मध्ये लॉजिटेकने स्वतःचा ‘एमएक्स क्रिएटिव्ह कन्सोल’ काढला. अशा साधनांत सोयी अधिक असतात. मात्र त्यांचे आयुष्य सॉफ्टवेअरच्या आयुष्याशी बांधलेले असते. खरेदीपूर्वी ‘मांडणी पेटीत साठते की संगणकात?’ हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा.

वेळेचा हिशेब

कीपॅडने खरोखर किती वेळ वाचतो? स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरान आणि अ‍ॅलन न्यूवेल या तीन संशोधकांनी १९८० मध्ये संगणकावरील कामाचा वेळ मोजण्याचे एक सूत्र मांडले. त्यांच्या हिशेबात टंकलेखनाचा व्यवसाय नसलेल्या सरासरी वापरकर्त्याला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२८ सेकंद लागतो. माऊसने पडद्यावरील एका जागी पोहोचायला सरासरी १.१ सेकंद आणि हात कळफलकावरून माऊसवर न्यायला ०.४ सेकंद. पुढे काय करायचे याच्या मानसिक तयारीला त्यांनी १.३५ सेकंद धरला आहे.

आता फोटोशॉपमधील एक नेहमीचे काम घेऊ. मूळ छायाचित्राला धक्का न लावता त्याची उजळणी करण्यासाठी ‘कर्व्ह्ज’चा स्वतंत्र थर चढवायचा आहे. मेनूतून जायचे तर ‘लेयर’, मग ‘न्यू अ‍ॅडजस्टमेंट लेयर’, मग ‘कर्व्ह्ज’ अशी तीन ठिकाणे माऊसने गाठायची. एवढ्यालाच क्लिक धरून जवळपास चार सेकंद झाले. त्यानंतरच्या चौकटीत ‘ओके’ म्हणायचे ते वेगळेच. हीच आज्ञा एका कळेवर ठेवली तर पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. बचत तीनच सेकंदांची धरू. अल्बमसाठी निवडलेली ४०० छायाचित्रे आणि प्रत्येकावर अशा आठ आज्ञा म्हणजे ३,२०० आज्ञा. बचत ९,६०० सेकंदांची, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटांची. एका मोसमात वीस लग्ने केली तर ५३ तास होतात.

हा हिशेब सर्वांना सारखा लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याला कळफलकावरचे शॉर्टकट आधीच तोंडपाठ आहेत, त्याची बचत कमी होते. चार कळांच्या जुळणीऐवजी एक कळ दाबल्याने त्याचा फार तर एक सेकंद वाचेल. त्याला कीपॅडचा लाभ वेगळ्या ठिकाणी होतो. बोटे वेडीवाकडी ताणावी लागत नाहीत, कळफलकाकडे पाहावे लागत नाही आणि ज्या आज्ञांना मुळात शॉर्टकटच नाही त्यांनाही एक जागा मिळते.

आधी वही, मग खरेदी

कीपॅड विकत घेऊन तो दोन आठवड्यांत खणात ठेवून देणारे पुष्कळ असतात. याचे कारण बहुधा एकच. कोणत्या कळेवर काय ठेवायचे हे त्यांनी दुसऱ्याची मांडणी पाहून ठरविलेले असते. प्रत्येकाची कामाची पद्धत निराळी. म्हणून तीन दिवस संगणकाशेजारी एक वही ठेवावी आणि मेनूत जाऊन केलेली प्रत्येक आज्ञा तिच्यात रेघ मारून नोंदवावी. तिसऱ्या दिवशी रेघा मोजल्या की आपले काम किती थोड्या आज्ञांभोवती फिरते हे दिसते. त्यातल्या पहिल्या बारा आज्ञा म्हणजे आपला कीपॅड.

मांडणी करताना कामाचे टप्पे वेगळे ठेवावेत. बहुतेक कीपॅडमध्ये एकाच कळेला टप्प्यानुसार निरनिराळी कामे देता येतात. पहिला टप्पा निवडीचा. लाइटरूममध्ये छायाचित्र ठेवण्यासाठी ‘पी’, नाकारण्यासाठी ‘एक्स’ आणि निर्णय मागे घेण्यासाठी ‘यू’ ही अक्षरे आहेत. कॅप्स लॉक सुरू ठेवला तर निर्णय देताच पुढचे छायाचित्र आपोआप समोर येते. या तीन आज्ञा तीन बोटांखाली ठेवल्या की हजार छायाचित्रांची निवड एका बैठकीत उरकते.

दुसरा टप्पा रंगाचा. हळद अंगणात दिवसाच्या उजेडात झालेली असते, मुहूर्त कार्यालयातील पिवळ्या दिव्यांखाली आणि स्वागत समारंभ रंगीत एलईडीच्या झोतात. प्रकाशानुसार गट पाडून प्रत्येक गटातील एक छायाचित्र नीट सुधारावे आणि तेच बदल उरलेल्यांवर चढवावेत. बदल उचलण्याची आज्ञा ‘कंट्रोल, शिफ्ट, सी’ आणि चढविण्याची ‘कंट्रोल, शिफ्ट, व्ही’. या दोन्ही शेजारच्या कळांवर असाव्यात. मात्र गटाची सीमा ओलांडू नये. हळदीने माखलेल्या चेहऱ्याचा पिवळेपणा हा दिव्याचा दोष नसतो. मुहूर्ताच्या छायाचित्रातला पिवळेपणा काढणारे बदल जर हळदीवर चढविले, तर नवरीच्या गालावरची हळदच उतरते.

तिसरा टप्पा फोटोशॉपमधील बारीक कामाचा. डाग पुसण्यासाठी नवा कोरा थर, कर्व्ह्जचा थर, मास्क उलटा करण्याची ‘कंट्रोल, आय’ आणि कुंचल्याचे दोन रंग आलटून-पालटून घेण्याची ‘एक्स’ या येथील मुख्य आज्ञा. खुंटी असेल तर तिला कुंचल्याचा आकार द्यावा. फोटोशॉपमध्ये चौकटी कंसांच्या दोन कळांनी कुंचला लहान-मोठा होतो. खुंटी डावीकडे फिरविली की एक कंस आणि उजवीकडे फिरविली की दुसरा, एवढे ठरविले की झाले. लाइटरूममधील सरकपट्ट्यांचे तसे नाही. तेथे प्रत्येक पट्टीला स्वतंत्र शॉर्टकट नसल्याने साध्या खुंटीने काम भागत नाही. त्यासाठी खास सॉफ्टवेअर असलेले साधन लागते किंवा संगीतकार वापरतात तो मिडी फलक ‘मिडीटूएलआर’ या मुक्त प्लगइनच्या साहाय्याने जोडावा लागतो.

मॅक्रो की अ‍ॅक्शन?

एका कळेत अनेक कामे भरण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतला फरक जाणून घेणे महत्त्वाचे आहे. मॅक्रो कीपॅडमध्ये असतो. तो ठरलेल्या कळा ठरलेल्या क्रमाने पाठवितो, पण पलीकडे काय घडत आहे हे त्याला दिसत नाही. संगणक मंद झाला आणि चौकट उघडायला उशीर झाला, तर पुढची कळ भलत्याच ठिकाणी जाऊन पडते. चुकून दुसरीच खिडकी उघडी असेल, तर सगळी मालिका तिच्यावर बरसते.

अ‍ॅक्शन फोटोशॉपच्या आत असते. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. आपण एकदा केलेली कामे फोटोशॉप नोंदवून ठेवते आणि सांगितल्यावर एक पूर्ण झाल्यावरच दुसरे हाती घेते. म्हणून शहाणपणाची रीत अशी, की लांबलचक काम अ‍ॅक्शनमध्ये नोंदवावे, त्या अ‍ॅक्शनला एखादी फंक्शन कळ द्यावी आणि कीपॅडने फक्त तेवढीच कळ पाठवावी. विंडोजवर अ‍ॅक्शनसाठी एफ-१ घेता येत नाही, तसेच कंट्रोलसह एफ-४ आणि एफ-६ घेता येत नाहीत. बाकीच्या जुळण्या पुरेशा आहेत. आणखी एक पथ्य कटाक्षाने पाळावे. सर्व थर एकत्र करून मूळ फाइलवरच जतन करणारी मालिका कोणत्याही कळेवर ठेवू नये. चुकीचा एक दाब आणि मूळ चित्र कायमचे गेले, अशी वेळ ओढवते.

देवनागरीची अडचण

अल्बमच्या मुखपृष्ठावर वधूवरांची नावे देवनागरीत लिहिताना मराठी छायाचित्रकारांना एक खास अडचण येते. नावे लिहून झाली, कुंचला घ्यायला ‘बी’ दाबली आणि काहीच घडले नाही. कीपॅडच बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात साधा कीपॅड अक्षर पाठवीत नसून कळेच्या जागेचा संकेतांक पाठवितो आणि त्याचे अक्षर संगणक ठरवितो. मराठी मांडणी सुरू राहिली असेल तर त्या जागी देवनागरी चिन्ह असते आणि ते फोटोशॉपला आज्ञा म्हणून उमगत नाही. उपाय दोन आहेत. महत्त्वाच्या आज्ञा अक्षरांऐवजी फंक्शन कळांवर ठेवाव्यात, कारण त्या भाषेनुसार बदलत नाहीत. किंवा इंग्रजी मांडणीवर परतण्याची आज्ञाच कीपॅडच्या कोपऱ्यातल्या कळेला द्यावी.

थोडक्या खर्चात सुरुवात

महागडे साधन घेण्यापूर्वी प्रयोग करून पाहता येतो. आकड्यांचा वेगळा यूएसबी कीपॅड काही शेकडा रुपयांत मिळतो. ज्यांच्या लॅपटॉपवर आकड्यांचा वेगळा गट नाही, त्यांना हा उपाय विशेष सोयीचा. विंडोजवर ‘ऑटोहॉटकी’ हे मोफत सॉफ्टवेअर वरच्या ओळीतला एक आणि कीपॅडवरचा एक यांत फरक करू शकते. त्यामुळे कीपॅडच्या कळांना हव्या त्या आज्ञा देता येतात. फक्त ‘नम लॉक’ सुरू ठेवावा. महिनाभर हे वापरून उपयोग जाणवला, तरच खुंट्या आणि पडदे असलेल्या साधनाकडे वळावे.

सवय लागायला दोन-तीन आठवडे द्यावे लागतात. पहिले काही दिवस वेग उलट कमी होतो. रोज दोनच नव्या कळा वापरायच्या, मांडणी सारखी बदलायची नाही आणि कळांवर लहान चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढे केले की बोटांना वाट सापडते. मग हे काम खरोखरच डाव्या हाताचा मळ होऊन जाते.

हाताची आणि नजरेची काळजी

तासन् तास माऊस फिरविणाऱ्यांना मनगट, बोटे आणि खांदा यांच्या दुखण्याचा अनुभव असतो. कीपॅडने उजव्या हाताची ये-जा कमी होते. पण तो भार डाव्या हाताच्या एकाच बोटावर टाकला तर दुखणे केवळ जागा बदलते. सर्वाधिक लागणाऱ्या आज्ञा निरनिराळ्या बोटांखाली विभागाव्यात, मनगट सरळ राहील अशा उंचीवर कीपॅड ठेवावा आणि मधूनमधून उठावे. बोटांना मुंग्या येणे किंवा रात्री मनगट ठणकणे सुरू झाले, तर नव्या यंत्राऐवजी डॉक्टरांकडे जावे.

शेवटची सूचना यंत्राविषयी नाही. लग्नाच्या छायाचित्रांत चेहरे गोरे आणि गुळगुळीत करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. पूर्वी त्यासाठी प्रत्येक चेहऱ्यावर वेळ घालवावा लागे. त्यामुळे निदान प्रत्येक चेहरा पाहिला तरी जाई. आता हे काम एका कळेवर ठेवता येते आणि चारशे छायाचित्रांतल्या सगळ्या माणसांना एकच त्वचा मिळू शकते. आजीच्या सुरकुत्या, उन्हात शेत राबलेल्या काकांचा रापलेला रंग, नवरीच्या हनुवटीवरची लहानपणाची खूण, सारे एका दाबाने नाहीसे होते. अशा कामाची अ‍ॅक्शन करायचीच असेल, तर ती मधे थांबून किती प्रमाणात करायचे ते विचारील अशी नोंदवावी. फोटोशॉपमध्ये तशी सोय आहे. डाग पुसायचा की राहू द्यायचा, हे त्या चेहऱ्याकडे पाहून माणसाने ठरवावे.

थर चढविणे, बदल उचलणे, कुंचला लहान-मोठा करणे या कामांत विचार नसतो, फक्त श्रम असतात. ते कळांवर सोपवावेत. मोसमाचे जे पन्नास तास हाती उरतील, त्यांतले काही झोपेला द्यावेत आणि काही त्या चेहऱ्यांना. अल्बम उघडल्यावर घरची माणसे प्रथम पाहतात ते आपल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो की नाही हेच.